आधीच मानलेले आभार

शेखर भुसारींना विद्यापीठाच्या ऑफिसात भुसारी म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. हिशेब विभागापासून गेटवरच्या गार्डपर्यंत सगळे त्यांना 'आभारीजी' म्हणत. एकदा तर बाहेरून आलेल्या एका पाहुण्यानं ते आडनावच आहे असं समजून त्यांना विचारलं, की आपण मूळचे कुठले आभारी? शेखररावांनी शांतपणे सांगितलं, आर्वीकडचे.

ते खरंच होतं. त्यांचे वडील आर्वीहून रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले आणि रायपुरात ब्राह्मणपाऱ्यात बिऱ्हाड करून राहिले. शेखररावांचा जन्म तिथला, आणि त्यांची आभार मानायची कलाही तिथलीच. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गणपतीत एका वर्षी सेक्रेटरी आणि अध्यक्षांचं प्रसादाच्या बुंदीवरून वाजलं, सेक्रेटरी ऐन समारोपाला रुसून घरी जाऊन बसले, आणि कोणीतरी माइक जवळ उभ्या असलेल्या कॉलेजातल्या शेखरच्या हातात दिला. शेखरनं मांडववाल्यापासून सुरुवात केली. हलवाई, लाइटवाला, भजनाच्या बाया, सगळ्यांची नावं घेतली. शेवटी, भोंग्याचा आवाज सहन करूनही जे कोतवालीत गेले नाहीत त्या शेजारच्या वकीलसाहेबांचेही आभार मानले. वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी तक्रार करायला जाणार होते म्हणतात. ते मग गेले नाहीत.

तेव्हापासून हे काम त्यांना चिकटलं. भाषण करणारे कोणत्याही गावात पोत्यानं मिळतात, पण आभार मानायला कोणी पुढे येत नाही. कारण सरळ आहे. आभार शेवटी असतात, आणि शेवटी सभागृहात कोणी नसतं. सूत्रसंचालिकेनं 'आता आभारप्रदर्शनासाठी' एवढं म्हटलं की खुर्च्या वाजायला लागतात. शेखरराव माइकपर्यंत पोचेस्तोवर अर्धे लोक दारात असत, आणि त्यांनी अध्यक्षांचं नाव घेईपर्यंत उरलेले अर्धे समोशांजवळ. मग समोर पहिल्या रांगेतले पाहुणे, मांडववाल्याची माणसं आणि कोणाचं तरी झोपलेलं लेकरू, एवढ्यांना ऐकवून ते उतरत. तरी त्यांनी कधी एकही नाव गाळलं नाही. कागद न घेता, सगळी नावं, हुद्द्यांसकट. गाळलं तर माणूस जन्मभर लक्षात ठेवतो, असं ते म्हणत. घेतलं तर संध्याकाळपर्यंत विसरतो, हेही त्यांना माहीत होतं.

त्यांच्या पत्नी मीराताई चौबे कॉलोनीतल्या महिला मंडळात चांगल्या उठबस असलेल्या बाई. त्यांनीही नवऱ्याचं आभारप्रदर्शन पूर्ण असं कधी ऐकलं नव्हतं. शेखररावांनी एकदा जरा दुखावून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्याचसाठी तं लायनीत लागाव लागते. नाही तं पुऱ्या थंड भेटतात."

तर असे हे शेखरराव, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली, आणि विद्यापीठात 'शोध दिवस' आला.

तो भरवला होता चेतना साहू नावाच्या तरुण प्राध्यापिकेनं. विषयाचं हिंदी नाव फलकावर दोन ओळींत मावलं होतं: 'तंत्र जीवविज्ञान में संगणनात्मक प्रतिरूपण'. शेखररावांनी ते आठवडाभर बसमध्ये घोकलं. विद्यापीठ नव्या रायपुरात, घर जुन्या शहरात. रुंद रस्ते, दोन्हीकडे मोकळं माळरान, आणि बसमध्ये खिडकीशी बसून 'प्रतिरूपण, प्रतिरूपण' पुटपुटणारे भुसारी. शेजारी बसायचं लोक टाळू लागले.

विषय काय आहे तेवढं तरी कळावं म्हणून ते चेतना मॅडमकडे गेलेही होते. त्या बिचारीनं हातातलं काम टाकून समजावलं. पेशीच्या आत हजारो रेणू असतात, कोणी कोणाला चेतवतं, कोणी कोणाला अडवतं. हे सगळं गणितात मांडायचं, कॉम्प्युटरवर चालवायचं आणि खऱ्या पेशीसारखं काही घडतं का ते बघायचं. शेखरराव दर वाक्याला 'हव' म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की शब्द सगळे समजले, गोष्ट नाही समजली. पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. अशा प्रसंगांसाठी त्यांच्याकडे एक बारमाही वाक्य होतं: 'इतका कठीण विषय आपण इतक्या सोप्या भाषेत सांगितला, की माझ्यासारख्या ऑफिसातल्या माणसालाही तो समजला.' हे वाक्य त्यांनी अणुशास्त्रज्ञांना ऐकवलं होतं, व्याकरणाचार्यांना ऐकवलं होतं, आणि एका योगगुरूंनाही, जे तासभर मौनच धरून बसले होते.

शोध दिवसाच्या सकाळी सभागृह गच्च भरलं. प्रमुख पाहुणे म्हणून सरकारातले एक सचिव आले होते. मुख्य व्याख्यानाला पुण्याहून डॉ. देवश्री आपटे आल्या होत्या. पेशी दुभंगायचा निर्णय कसा घेते, हा त्यांचा अभ्यास. दिवा लागला, शाली झाल्या, श्रीफळं झाली, आणि तेवढ्यात सचिवांचा पीए कुलगुरूंच्या कानाशी लागला. साहेबांना मंत्रालयात बैठक निघाली होती. आता पाहुण्यांचे आभार न मानताच त्यांना जाऊ दिलं तर कसं दिसेल? आणि आभार तर सगळ्यात शेवटी. कुलगुरूंनी क्षणभर विचार केला आणि चेतना मॅडमना खूण केली. आभार आत्ताच उरकून घ्या.

चेतना मॅडम वाकून शेखररावांच्या खुर्चीशी आल्या. शेखरराव गडबडले. अजून काही झालंच नाही, तर आभार कशाचे मानायचे, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सर, जो होने वाला है, उसी का मान लीजिए." आणि त्या प्रोजेक्टरची वायर बघायला पळाल्या.

शेखरराव माइकपाशी उभे राहिले आणि त्यांनी समोर पाहिलं.

एकही खुर्ची रिकामी नव्हती. मागे भिंतीला टेकून पोरं उभी होती. सगळे त्यांच्याकडे बघत होते. कोणी उठत नव्हतं, कोणी दाराकडे नजर टाकत नव्हतं. अख्ख्या आयुष्यात त्यांनी इतके चेहरे समोरून पाहिले नव्हते. त्यांच्या ओळखीच्या होत्या त्या पाठी. सगळी वाक्यं डोक्यात होती, पण ती सगळी भूतकाळातली. त्यांनी ती हिंदीतच, पण भविष्यकाळात वळवून पाहिली. "माननीय कुलगुरू आपलं भाषण थोडक्यात आटोपतील," असं म्हटलं आणि ते ऐकायला आभारासारखं न वाटता ताकीद दिल्यासारखं वाटलं. सभागृहात खसखस पिकली. कुलगुरूंनी चष्मा काढला. शेखरराव घाबरले आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. जुन्या सवयीच्या वाटेला लागले.

मग ते थांबले नाहीत. कुलगुरूंनी वेळेचं भान ठेवून अगदी मोजकं भाषण केलं, त्याबद्दल त्यांनी धन्यवाद दिले. एवढा कामाचा व्याप असताना सचिव महोदय पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शब्दापर्यंत आपल्यात बसून राहिले, त्याबद्दल विद्यापीठ त्यांचं ऋणी आहे असं सांगितलं. सचिवांनी उठायला खुर्चीच्या हातावर हात टेकला होता. डॉ. आपट्यांनी एकही समीकरण न दाखवता, इतक्या सोप्या भाषेत विषय समजावला, की माझ्यासारख्या ऑफिसातल्या माणसालाही तो समजला, हेही आलं. समीकरणाचा तुकडा कुठून सुचला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. केटररचे आभार, की जेवण गरम होतं आणि सगळ्यांना पुरलं. श्रोत्यांचे, की एकाचाही मोबाइल वाजला नाही आणि शेवटपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

आधी पोरं हसली. मग प्राध्यापक हसले. आणि मग जी टाळी पडली तिच्यासारखी टाळी शेखररावांना कधी मिळाली नव्हती. खाली उतरताना त्यांचे पाय हलके झाले होते.

पण बोललेला शब्द जागच्या जागी राहत नाही. सचिवांनी खुर्चीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. एवढ्या टाळ्यांनंतर कोण उठणार? ते हसून मागे टेकले, आणि पीए फाइल छातीशी धरून घामेघूम झाला. कुलगुरूंच्या हातात भाषणाचा चांगला जाड गठ्ठा होता. ते माइकपाशी आले, गठ्ठ्याकडे पाहिलं, शेखररावांकडे पाहिलं, आणि 'शोध दिवस की शुभकामनाएँ' म्हणून खाली बसले. लोकांचा विश्वासच बसेना.

डॉ. देवश्री आपटे तेवढ्यात लॅपटॉपवर स्लाइड्स भराभर पुढे सरकवत होत्या. त्या शेखररावांच्याच शेजारी बसल्या होत्या. सकाळी त्यांनी मराठीत विचारपूस केली तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं, आता वाटत नव्हतं.

"भुसारी साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या स्लाइड्समधून समीकरणं काढली तर माझं नाव आणि संस्थेचा लोगो एवढंच उरतं."

शेखरराव खजील झाले. "मॅडम, माफ करा. ते वाक्य मी सगळ्याइलेच म्हणतो."

"मग आजवर कोणी खरं केलं का ते?"

शेखररावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली.

बाईंनी लॅपटॉप मिटला. स्टेजवर गेल्या, कमरेला हात लावून क्षणभर सभागृहाकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या की आज पेशी तुम्हीच. त्यांनी दोन नियम सांगितले. तुमच्या आजूबाजूचे दोघं उभे दिसले तर तुम्ही उठायचं. आणि आजूबाजूला एकही जण उभा नसेल तरच बसायचं. बाकी काही डोकं चालवायचं नाही. रेणूही चालवत नाहीत.

त्यांनी मधल्या रांगेतल्या एका मुलाला उठवलं. काही झालं नाही. तो एकटाच ओशाळून उभा राहिला, मग बसला. मग त्यांनी तिथल्याच चारपाच जणांना एकदम उठवलं. त्यांच्या शेजारचे उठले, त्यांच्या मागचे उठले, आणि बघता बघता अख्खं सभागृह सरसर उभं राहिलं. आता त्यांनी पहिल्या चारपाच जणांना बसायला सांगितलं. ते बसले, आजूबाजूला बघितलं, आणि नियमाप्रमाणे पुन्हा उठले. बाकीचे तर हललेच नाहीत. पेशीचं असंच असतं, बाई म्हणाल्या. थोड्याशा डिवचण्यानं ती दाद देत नाही. एका मर्यादेपलीकडे डिवचलं की निर्णय घेते, आणि मग डिवचणारा गेला तरी माघारी फिरत नाही. पेशीला आपण विचारू शकत नाही, की बाई गं, तुझे नियम काय? म्हणून आपण नियमांचा अंदाज करायचा, कॉम्प्युटरला तो पाळायला लावायचा, आणि असाच गोंधळ उडतो का ते पाहायचं.

इथपर्यंत फार छान चाललं होतं. पण सगळे उभे होते, जेवायची वेळ होत आली होती, आणि मागचं दार कोणीतरी उघडलं. बाहेरून गरम भजियांचा वास आत आला. शेवटच्या रांगेतले एकदोघं सरकले. त्यांना सरकताना पाहून त्यांच्या पुढची रांग सरकली. पहिल्या रांगेत सचिव महोदयही नियमाप्रमाणे उभे होते. पीएनं मान वर करून पाहिलं, तर साहेब उभे. त्यानं क्षणाचाही उशीर न लावता गाडी लावायला सांगितलं, बाजूचा रस्ता मोकळा केला, आणि 'इधर से सर, इधर से' म्हणत साहेबांना जवळजवळ हातावर उचलून नेलं. साहेबांना वाटलं हाही प्रयोगाचाच भाग असावा. ते हात हलवत गेले. गाडी सुटल्याचा आवाज आला तेव्हा निम्मं सभागृह मोकळं होतं.

कुलगुरूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. देवश्रीबाई मात्र उरलेल्यांना बसवून हसत होत्या. हा विज्ञानातला खरा घोळ आहे, त्या म्हणाल्या. माझं मॉडेल सांगत होतं की लोक उठतील, आणि लोक उठले. पण मागचे लोक माझ्या नियमानं गेले की भजियांच्या वासानं, हे मला इथून ओळखता येणार नाही. दोन वेगळ्या कारणांनी एकच गोष्ट घडू शकते. म्हणून मॉडेल जुळलं की नाचायचं नाही, आधी दार बंद करून प्रयोग पुन्हा करायचा.

शेखरराव पुढे वाकून ऐकत होते. लोक आपलं बोलणं कंटाळवाणं वाटतं म्हणून उठतात, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं नसावंही. कोणीतरी दोघं उठत असतील आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून. किंवा वासानं. किंवा खरंच कंटाळूनही. बाईंनी आत्ताच सांगितलं होतं की इथून ओळखता येत नाही. विषय समजल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की बाजूला उभ्या असलेल्या चेतना मॅडमकडे त्यांनी कौतुकानं पाहिलं.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चेतना मॅडमचं नाव त्यांनी घेतलंच नव्हतं.

ज्या बाईनं हा दिवस उभा केला होता, जी सकाळपासून एकदाही खाली बसली नव्हती, जी आत्ताही प्रोजेक्टर लागणार नाही हे कळल्यावर त्याची वायर गुंडाळत होती, तिला सोडून त्यांनी केटररचे आभार मानले होते. कुलगुरूंना बघून ते जे बहकले त्यात नावांच्या साखळीतून मधली कडीच निसटली होती. त्यानंतर प्रश्नोत्तरांत कोण काय बोललं, शेखररावांना काही ऐकू आलं नाही.

प्रश्न संपले. देवश्रीबाई खाली उतरल्या. टाळ्याही झाल्या. आणि मग कोणी उठेना. पंखे फिरत होते, लोक बसले होते, एकमेकांकडे बघत होते. कार्यक्रम संपल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आभार झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही हे हाडांत मुरलेलं, आणि आभार तर केव्हाच होऊन गेलेले. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा हाताची घडी घातली.

शेखरराव उठले. कोणी बोलावलं नव्हतं. माइक हातात घेतला, तेव्हा पहिल्यांदाच कोणाला घाई नव्हती. जेवढं बोलतील तेवढं ऐकायला लोक तयार होते. ते हिंदीतच म्हणाले, "सकाळी मी सगळ्यांचे आभार मानले आणि हे ज्यांनी केलं त्यांनाच विसरलो. डॉ. चेतना साहू." पुढचं काही सुचेना. भूतकाळही आठवेना, भविष्यकाळही नाही. त्यांनी नुसते हात जोडले. लोकांनी बाजूला वळून पाहिलं. चेतना मॅडम हातात वायरचं भेंडोळं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, परत पहिल्या हातात घेतलं. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

शेखरराव जेवणाच्या तंबूत पोचले तेव्हा केटरर मोठ्या उत्साहानं पातेली धूत होता. आधी गेलेल्यांनी काम चोख केलं होतं. शेखररावांनी जरा रागानं विचारलं, तर तो म्हणाला की साहेब, पुरलं म्हणून तुम्हीच तर सकाळी सांगितलं. देवश्रीबाईंना आणि कुलगुरूंना कुठूनतरी दोन थाळ्या लावून मिळाल्या. बाकीच्यांच्या वाट्याला साधा भात, पापड आणि लोणच्याचा रस.

संध्याकाळी घरी मीराताईंनी त्यांना झुणका-भाकर वाढली. दुपारी धड जेवले नाहीत हे कळल्यावर त्या आधी चिडल्या, आणि सगळी हकिकत ऐकून पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. शेखररावांनी त्यांनाही पेशीचं समजावलं. मुगाचे दाणे ताटात मांडून कोण कोणाला बघून उठतं ते दाखवलं. मीराताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"हे तं आमच्या मंडळात रोजचंच आहे," त्या म्हणाल्या. "यासाठी पुण्याहून बाई काहून बोलवाव लागते?"

"तुले नाही समजलं."

"समजलं. दाणे उचला पहिले, सकाळी भिजवाचे आहेत." मग दाणे गोळा करता करता त्यांनी विचारलं, "चेतना मॅडम काय म्हणाल्या मंग? बरं वाटलं त्याइले?"

शेखररावांनी भाकरीचा तुकडा मोडला. टाळ्या संपल्यावर चेतना मॅडम सरळ स्टेजवर आल्या होत्या. डोळे जरा ओले होते, असं शेखररावांना वाटलं होतं, पण खात्री नव्हती. त्यांनी शेखररावांच्या हातातून माइक काढून घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "सर, इसको बंद भी करना होता है. बैटरी जाती है."

"एवढंच?" मीराताईंनी विचारलं.

"एवढंच," शेखरराव म्हणाले आणि अजून थोडा झुणका मागितला.